दोन मशिनी आणि तुझं लग्न

वाटूर

प्रिय पप्पू,

मी सांगून राह्यले, तृप्ती लिहून राह्यली. तुझी ही चुलतबहीण मधेच पेन थांबवून माझ्याकडं बघते. मी म्हणते, बघू नको, लिही. फोनच केला असता, पण अवघड बोलणं निघालं की तुझी रेंज बराबर जाते. कागदाची जात न्हाई.

टीव्हीवर तुझ्या लग्नाची शीडी लावून लावून आपलं शीडीचं मशीन बसलं. हॉलला जिने फार, आजी, तुझे गुडघे दुखतील, असं म्हणून तू मला लग्नाला पुण्याला नेलं न्हाईस. मंग माझ्यापुरतं लग्न रोज दुपारी घरीच लागायचं. चित्र सगळं धुक्यातलं, पण तुझी चाल ओळखायचे. तुझे आईबाप अंकुशनगरला साखर कारखान्यावर होते, चालायला मीच शिकवलं की तुला. स्टेजच्या कडेला टेबलावर हार घातलेले दोन फोटो दिसायचे. देव असतील म्हणून मी रोज हात जोडायचे.

नवं मशीन घ्यायला तृप्तीला घेऊन मंठ्याला श्रेणिकशेटच्या दुकानात गेले. त्यानं दोन मशिनी मांडल्या आणि दुकानातली माशांची शीडी लावली. दोन्हींवर झकास. मी म्हणलं, शेट, मासे कुठंही चांगलेच दिसतात, माझं माणूस दाखव. पिशवीतून तुझी शीडी काढून दिली. टीव्ही एकच, आधी एक मशीन, मंग दुसरं, आणि दोन्ही वेळा तू हार घालतोस तिथंच थांबवायला लावलं. पहिल्यावर घरच्यासारखंच धुकं. दुसऱ्यावर तुझ्या केसांतल्या अक्षता मोजून घ्याव्यात इतकं साफ. सुनेची नथ, भटजीचा चष्मा, मान खाली घालून उभा असलेला तुझा बाप. आणि टेबलावरचे देव. एक तुझे आजोबा. दुसरी मी. चंदनाचा हार, पुढं उदबत्ती.

श्रेणिकशेट चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. समजदार माणूस. फोटो मी लगेच ओळखला. दिवाळीत तूच काढल्ता, निराधारच्या पगारीला लागतो म्हणून. पदर नीट घ्यायला लावलास. मला वाटलं, नातवाला किती काळजी.

घरी आल्यावर तृप्तीला शपथ घातली, तेव्हा कुठं तिनं सांगितलं. सुनेच्या माहेरच्यांनी विचारल्तं, घरात म्हातारं कोण आहे, कुणाचं करावं लागेल का. तू म्हणालास, कोणीच न्हाई. मरण मात्र चांगलं दिलंस, बाबा. दुखलं न्हाई, दवाखाना न्हाई. तेराव्याचं जेवण तेवढं चुकलं माझं. आणि एवढे महिने मी स्वतःपुढंच हात जोडून मागत होते, माझ्या पप्पूला सुखी ठेव.

आता ज्यासाठी लिहायला बसवलं ते. परवा तुझा निरोप आला, रविवारी सुनेला गाव दाखवायला आणतो, घराला रंग द्यायचाय तर तू दोन दिवस अंबडला आत्याकडं जा. रंगाचा एक डबासुद्धा आला न्हाई, पप्पू. मी जाणार न्हाई. साफ दिसतं तेच मशीन घेतलंय. रविवारी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायला मीच उभी राहीन. त्याआधी वाटेत तिला तुझ्या तोंडानं सांग. न्हाईतर पोर मला बघून भिईल, आणि तिची काही चूक न्हाई.

तुझीच,
हार काढून ठेवलेली आजी
(खालचा अंगठा ताजा आहे, तपासून घे.)