सुनेची फळी

४ मार्च
आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंत शिकले, पण डोकं शाबूत आहे. कारखान्यात शर्टांना कॉलर लावता लावता जग कळतं. रविवारी युनियनच्या खोलीत मार्क्सचा क्लास असतो. मुलगा माझ्याच कारखान्यात कटिंगला आहे. तो आणि सून दोघं जातात. मीही जाणार. मुलगा हल्ली घरात हूं की चूं करत नाही. तिथे तरी बोलेल.

७ मार्च, रविवार
शिकवणारे भाई हडकुळे, पण सोपं सांगतात. साम्राज्यवाद म्हणजे मोठा देश लहान देशात घुसतो. आधी व्यापार, मग कर्ज, मग फौज. वर म्हणतो, तुमच्याच भल्यासाठी आलोय. काय निर्लज्ज मेले! संताप आला.

९ मार्च
सुनेने स्वयंपाकघरात एक फळी मागून घेतलीय. झुरळं होतील म्हणून तिच्या डब्यांच्या मधोमध माझे दोन डबे ठेवले. लक्ष राहतं. ती म्हणाली, आई, ही फळी माझी ना? म्हटलं, तुझीच गं, मी काय फळी खाणार आहे?

११ मार्च
तिचा चहाचा डबा वरच्या कपाटात हलवला. तिचा हात पोचत नाही. पण मी आहे की काढून द्यायला. हाक मारली की झालं. मारत नाही. घमेंड.

१४ मार्च, रविवार
आज राज्यसत्ता. पोलीस, कोर्ट, तुरुंग, सगळं वरच्यांचं राज्य टिकवायला. पण शेवटी म्हणे ती विरून जाते. पटलं. मीही विरणार. सुनेला घर सांभाळता आलं की लगेच.
भाई म्हणाले, घरातलं उदाहरण द्या. मी उभी राहिले. फळी, डबे, कपाट, सगळी शिस्त सांगितली. लोक पोट धरून हसले. भाई म्हणाले, मावशी, असं उदाहरण पुस्तकातही नाही. मुलगा तेवढा हसला नाही. त्याच्या आधी मीच बोलले म्हणून असेल.

१७ मार्च
मुलाने वेगळी खोली बघितलीय. सुनेनेच फूट पाडली. तो म्हणतो, भांडण नाही गं आई, तिला हात पोचेल अशी फळी हवी. फळीसाठी कोणी घर सोडतं? मी मान्यताच देणार नाही. मग कसे जातात बघू.

२१ मार्च, रविवार
गेले. सगळं सामान एका हातगाडीत मावलं. सून म्हणाली, आई, येत जा. म्हटलं, मला वेळ नाही. दोन दिवसांत नाक घासत येतील.

२५ मार्च
आले नाहीत. कारखान्यात मुलाने कटिंगच्या टेबलावरून विचारलं, जेवलीस का? हो म्हटलं. चूल पेटवली नव्हती.

२८ मार्च, रविवार
क्लासला गेले नाही. फळीवरचे माझे डबे काढले. वरच्या कपाटात तिचा चहाचा डबा राहिलाय. यासाठी तरी येईल म्हणून मुलाला फोन केला. तो म्हणाला, तूच वापर गं, आम्ही नवा घेतला.
आता सगळ्या फळ्या माझ्या.
डबा खाली काढून तिच्या फळीवर ठेवला. कधी आलीच, तर हात पोचायला हवा.