गळक्या किटलीतली पानफुटी

७ जानेवारी

कुंडी विकत आणायची न्हाई, घरातल्या मोडक्या वस्तूत झाड लावायचं — सरांनी बजावलंय. शनिवारी शाळेत प्रदर्शन. जुईलीची कोथिंबीर करवंट्यांत. माझा पुदिना दादाच्या तडकलेल्या हेल्मेटात! दादाला अजून पत्ता न्हाई. हृतिकनं त्याच्या गेणूआज्याची गळकी किटली आणलीय, मेंढरांमागं जाताना आज्या न्यायचा ती. त्यात पानफुटी लावलीय. एका पानापासनं वाढवली म्हनं. "भोक हायेच खाली, पाडायला नको," म्हनला. लई झाक दिसतीय. जळले मी.

१० जानेवारी, सकाळ

सगळ्यांच्या आधी शाळेत आले. आमच्या गणपतीच्या मखरातली चार लाल प्लास्टिकची फुलं दोऱ्यानं बांधली हृतिकच्या पानफुटीला. आता येऊन बघू दे — कसला उडतोय!

संध्याकाळ

कोन हसलं न्हाई.

हृतिक आज्याला आणायला गेलेला. तेवढ्यात पौडच्या परीक्षक बाई आल्या. तो येईस्तोवर किटली रांगेतनं बाहेर. "नकली फुलं लावून नंबर मिळत नसतो, बाळ," म्हनल्या. त्यानं फुलांकडं बघितलं, मग खाली. 

गेणूआज्या मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आलेला. पागोटं बांधून. प्रत्येक बाकापाशी थांबून विचारत होता, "आमची किटली कुटं मांडलीय?"

मी दोन हात लांब उभी होते. पुदिन्याची पानं पुसत ऱ्हायले.

पहिला नंबर माझा. तालुक्याला हेल्मेट जाणार.

११ जानेवारी

जेवण गेलं न्हाई. आई म्हनती, नंबर आला तर माजली.

१२ जानेवारी

आज सांगणारच होते. हृतिकच आधी बोलला — पुदिन्याचे शेंडे खुड, तालुक्याला जाईस्तोवर दाट होईल. मी नुसती व्हय म्हनले.

१५ जानेवारी

सरांना सांगितलं सगळं. वरडतील वाटलं. सर नुसतं म्हनले, "तालुक्याला नावं कालच गेली गं. एक दिवस आधी सांगितलं असतंस तर..."

एक दिवस! पाच दिवस होते माझ्यापाशी.

१६ जानेवारी

हृतिकच्या घरी गेले. मी बोलायच्या आतच त्यानं पिशवी दिली. चार लाल फुलं, धुतलेली. "ऱ्हाऊ दे, तुमच्या गणपतीला लागतील," म्हनला.

परत येताना आठवलं. मखराला ती फुलं त्यानंच लावली होती.