शपथेआधीचं मोकळं मिनिट

वेंडेल,

गोदीत पाणबुडीच्या अणुभट्टीच्या पाण्याची तपासणी आहे, म्हणून लवकर निघाले. शिंपल्यांचं दुधातलं सूप फ्रिजमध्ये आहे. उकळू नकोस, फाटतं.

काल तू विचारलंस, "नौदलानं बोनस दाखवला की पुन्हा सहा वर्षं पाणबुडीत का, बाईसाहेब?" उत्तर हो आहे. बोनसमधून घराचं छप्पर होईल. पण पहिली तीन वर्षं किनाऱ्यावरच नेमणूक मिळेल असं लेखी आलंय, म्हणून हो.

आज चार वाजता कॅप्टन आपल्या अंगणात येतील. नव्या शपथेआधी ते मला रीतसर नौदलातून मुक्त करतील. तेवढं मिनिटभर मी कुठेही जायला मोकळी असेन. तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा. तू नको म्हणालास तर शपथेला हात वर करणार नाही.

पण अंगणातल्या खुर्च्या तू न सांगताच धुऊन ठेवल्या आहेस, ते मी पाहिलं.

मारित