जोडीचा नियम मीच सुचवला होता

मी, सत्यवती नारायण मळीक, वय सदुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, जन्म मुळगाव, तालुका डिचोली, राहणार पार्से, तालुका पेडणे, गोवा, माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने ही माझ्या मागची व्यवस्था लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याची खात्री मी लोकांवर सोडलेली नाही. काल डॉक्टर सेजल हळर्णकर यांच्याकडून तपासून घेतले आणि दाखला सोबत जोडला आहे. त्यावर तारीख आहे ना, हे दोनदा पाहिले. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. त्या कामासाठी आजवर तिघे येऊन गेले. त्यांना चहा देऊन वाटेला लावले.

माझे आईवडील हयात नाहीत. मी लग्न केले नाही, मूलबाळ नाही. त्यामुळे कायद्याने ज्याला हिस्सा द्यावाच लागतो असा वारस मला नाही आणि माझी सगळी मिळकत हवी तशी देण्याचा अधिकार मला आहे. लग्न का केले नाही, यावर पुढचा मजकूर वाचून कोणी तर्क लढवू नये. मला आलेल्या प्रत्येक स्थळात काहीतरी लपवलेले आहे असे मला वाटायचे, एवढेच कारण आहे. दोघांच्या बाबतीत ते खरेही निघाले. माझा स्वभावच संशयी. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे देतो तेही मी त्याच्यासमोर मोजून घेते.

१. सन २०१९ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर माझा भाऊ शंभू याला आणि काजूची बागायत शाळेला सभागृहासाठी दिली होती. ते मृत्युपत्र मी रद्द करते. त्याची प्रत कोणी पुढे केली तर ती कुठून मिळाली हे आधी विचारावे.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट सुविधा आरोसकर यांनी करावी. त्या माझ्या विद्यार्थिनी. दहावीच्या पूर्वपरीक्षेत शेजारणीने स्वतःची उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली होती. त्यांनी ती परत सरकवली. मी खिडकीतून पाहत होते हे त्यांना आजही माहीत नाही.

३. पार्से येथील माझे राहते घर, भोवतालचे आवार, विहीर आणि नऊ माड मी माझी भाची गौरवी शंभू मळीक हिला देते. तिला गेल्या डिसेंबरात अठरा वर्षे पूर्ण झाली. घर का बदलले ते लिहिणे भाग आहे, कारण न लिहिल्यास लोक स्वतःचे कारण लिहितील.

गौरवी अकरावीला माझ्याकडे राहायला आली. मी जिथे चौतीस वर्षे शिकवले त्याच शाळेच्या उच्च माध्यमिकात तिने प्रवेश घेतला. निवृत्तीनंतर मी तिथल्या व्यवस्थापन समितीवर होते. बारावीच्या निरोपाला शाळेत सोशल असतो. मुले जोडीने नाव देतात, जोडीची नावे माइकवर पुकारतात, मग नाच. या जानेवारीत गौरवीने जोडीच्या चिठ्ठीवर स्वतःचे नाव आणि सायलीचे नाव लिहिले. सायली तिच्याच वर्गातली. तिचे वडील सखाराम सिंधुदुर्गातले, खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर, आमच्या वाड्यावर भाड्याने राहतात.

त्याच आठवड्यात शाळेत निनावी पत्र आले. प्राचार्यांनी मला बोलावून मजकूर वाचून दाखवला. दोन मुली मैत्रिणींसारख्या नव्हे, प्रियकर-प्रेयसीसारख्या वागतात, त्यांतली एक समितीच्या बाईंचीच भाची आहे, शाळा गप्प का? पत्र त्यांनी लगेच फाइलमध्ये घातले.

मी घरी आले ती प्रत्येकाकडे बघत. बसमध्ये मागच्या बाकावरच्या बायका कुजबुजल्या, त्या माझ्याबद्दलच असे वाटले. गौरवीचा फोन पाहिला. वही पाहिली. वहीत काही वाईट नव्हते. सायलीला घाटातल्या प्रवासात उलटी होते, तेव्हा तिला खिडकीची जागा द्यायची, असे एका पानावर लिहिले होते. ते वाचून मला धीर यायला हवा होता. माझा संशय उलट पक्का झाला, कारण अशी काळजी कोण कोणाची घेते ते मला कळत होते.

समितीची बैठक झाली तेव्हा माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून मीच आधी बोलले. सोशलसाठी जोडी म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी, असा लेखी नियम करावा, असे मी सुचवले. शब्द माझे, शुद्धलेखन माझे. गुरुवारी नोटीस फळ्यावर लागली. गौरवीने मला सांगितले, "आत्ये, आम्ही वेगवेगळ्या जाऊ." माझा विश्वास बसला नाही, पण तसे दाखवले नाही. शनिवारी दुपारी मी तिला माझी निळी साडी नेसवली, पदराला पिन लावली, आणि तिच्या आधी शाळेत जाऊन गेटवर यादी घेऊन बसले.

साडेतीनला सखारामच्या मोटरसायकलवरून दोघी उतरल्या. सायलीने वडिलांचा पांढरा शर्ट बाह्या दुमडून घातला होता. गौरवीने जोडीची चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"ही चालणार नाही," मी म्हटले. "नियम आहे."

"नियम कोणी केला, आत्ये?"

"शाळेने."

हे मी खोटे बोलले. माझ्या हातून बरेच काही चुकीचे झाले असेल, पण समोरच्या मुलाच्या डोळ्यांत बघून खोटे बोलण्याची ती पहिली वेळ.

सखाराम गाडी उभी करून पुढे आला. "मॅडम, ह्या चेडवांनी काय चोरी केल्यानी?"

"नाही."

"कोणाक मारल्यानी?"

"नाही."

"मगे नाचूक सोडूक तुमका काय जाता?"

"तुम्हाला समजणार नाही ते."

"माका सगळा समाजता," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "दोन महिने माज्या घरात ह्याच चलला हा. हिची आवस आधी रडली, मगे जेवूक वाढल्यान. तुमकाच कळूचा बाकी होता."

त्याने दोघींना परत गाडीवर बसवले. आत गाणे सुरू झाले होते. मी सहा वाजेपर्यंत यादी तपासत बसले.

गौरवी घरी आली, साडीची घडी करून माझ्या पलंगावर ठेवली आणि माझ्याशी बोलायची थांबली. जेवायची, भांडी घासायची, अभ्यासाला सायलीकडे जायची. एकोणीस दिवस.

पुढच्या सोमवारी शाळेने दोघींना सांगितले की पुन्हा असे वागणार नाही असे हमीपत्र द्या, त्याशिवाय बोर्डाचे प्रवेशपत्र मिळणार नाही. दोघींनी सही केली नाही. परीक्षा दारात आली होती. मला वाटले एक तरी वाकेल. सायलीच वाकेल असे मी धरले होते, गरीब घरची म्हणून. तिने तर कागदच परत केला.

तेव्हा बाबाजी आला. बाबाजी गावस, आमच्या शाळेचा निवृत्त शिपाई. अंगणात उभा राहून म्हणाला, "बाई, अठ्ठ्यायशीची नोटीस याद आसा? ती मीच चिकटयल्ली. वही अजून ऑफिसच्या कपाटात आसा."

मला आठवत नव्हते. जाऊन वही काढली. सन १९८८, अक्षर माझे: स्नेहसंमेलनात मुलांनी व मुलींनी एकत्र नाचू नये, मुलींनी मुलींबरोबरच नाचावे, उल्लंघन केल्यास शिस्तभंग समजण्यात येईल. त्या वर्षी एका पालकाने तक्रार केली होती आणि मी घाबरून ही नोटीस काढली होती. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या मुली मुलींबरोबरच नाचल्या, आणि आम्ही शिक्षक खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवल्या.

मी बैठक बोलवायला लावली आणि दोन्ही नोटिसा मोठ्याने वाचल्या.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तो काळ वेगळा होता."

"काळ वेगळा असेल. दोन्ही नोटिसा माझ्या आहेत, आणि दोन्ही वेळा मी लोकांना भिऊन लिहिल्या. मुलींनी दोन्ही वेळा कोणाचे काही बिघडवले नव्हते. हमीपत्र पाहिजे तर माझे घ्या."

कोणी घेतले नाही. दुसऱ्या दिवशी दोघींना प्रवेशपत्रे मिळाली. दोघी चांगल्या गुणांनी पास झाल्या. नियम मात्र रद्द झाला नाही; विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि मी समितीचा राजीनामा दिला.

म्हणून हे घर गौरवीचे. तिने लग्न करावे, न करावे, कोणाला इथे राहायला आणावे, याबद्दल मी कोणतीही अट घालत नाही. त्या दोघी पुढे एकत्र राहतील की नाही हे मला माहीत नाही. अठराव्या वर्षी ते कोणालाच माहीत नसते. एकत्र राहिल्या नाहीत तरी घर तिचेच. कोणी "तात्पुरते" म्हणून सामान ठेवायला जागा मागितली तर तिने देऊ नये.

४. काजूची बागायत शाळेला, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत जोडीचा तो नियम लेखी रद्द व्हावा आणि रद्द केल्याची नोटीस फळ्यावर लागावी. सुविधा यांनी ठरावाची मूळ वही स्वतः जाऊन पाहावी, झेरॉक्स घेऊ नये, आणि फळ्यासमोर उभे राहून नोटीस वाचावी. नियमाची भाषा बदलून तोच नियम शिस्त किंवा गणवेश या नावाखाली परत आणला असेल, तर अट मोडली असे समजावे. मी शाळेत आयुष्य काढले आहे, या युक्त्या मला ठाऊक आहेत. अट पाळली नाही तर बागायतही गौरवीची.

५. मुळगाव येथील वडिलार्जित शेतातला माझा हिस्सा मी भाऊ शंभू याला देते. खाणीची माती उतरून अर्धे शेत लाल झाले तरी तो उरलेले पेरतो. त्याचा हक्क मी नाकारत नाही.

पण त्याच्याबद्दल आणखी लिहिले पाहिजे. दोन्ही नोटिसा वाचल्या त्या बैठकीत मी निनावी पत्राची मूळ प्रत हातात घेतली. "वाईट वळण" असे त्यात लिहिले होते. तो ळ मी ओळखला. खालची गाठ न मारता शेपूट बाहेर सोडलेला. शंभू माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याला पाटीवर ळ मीच गिरवायला शिकवला आणि ती गाठ त्याला कधी जमली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुळगावला गेले. तो गोठ्यापाशी होता.

"शंभू, हे पत्र तुझे."

"आक्का, अक्षर सगळ्यांचेच सारके."

"ळ सारखा नसतो."

तो बराच वेळ दाव्याची गाठ सोडत, बांधत राहिला. मग म्हणाला, "म्हाका दिसलें शाळा भेटायतली आनी चेडू घरा येतलें. पेपर आडायतले अशें दिसूंक ना." शाळा भीती घालील आणि मुलगी घरी परत येईल, एवढाच त्याचा हिशेब; परीक्षाच अडवतील असे त्याला वाटले नव्हते.

"आणि घर?"

"घराचेंय मनांत आशिल्लें," तो म्हणाला. "खोटें कित्याक सांगूं?"

मुलीला सांभाळायचे म्हणून लिहिले की घर तिच्याकडे जाऊ नये म्हणून, याचा निवाडा मला करता येत नाही. दोन्ही असावे. मी त्याला सांगितले की हे मी गौरवीला सांगणार नाही. पण मी गेल्यावर हा कागद तिच्यासमोर वाचला जाईल आणि तेव्हा तिला कळेलच. तोपर्यंत त्याने स्वतः सांगावे. मी त्याला दिलेली मुदत म्हणजे माझे उरलेले आयुष्य. आजपर्यंत त्याने सांगितलेले नाही. दर रविवारी तो भाजी घेऊन येतो, ओसरीवर बसतो, आणि मी स्वयंपाकघरातून कान देऊन असते.

६. माझी स्कूटर सायली सखाराम राऊळ हिला. ती सावकाश चालवते आणि वळताना आरशात बघते. तिच्या आईवडिलांना मी काही देत नाही. दिले तर त्यांना अपमान वाटेल, आणि तो खरा असेल. सखारामकडे मी स्वतः जाऊन माफी मागितली आहे. "बसा मॅडम, च्या घेवा," एवढेच तो म्हणाला.

७. माझ्या मृत्यूनंतर शाळेने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर माझ्या शिस्तीचे कौतुक करू नये.

आता शेवटचे. परीक्षा संपल्यावर मार्चमध्ये एका दुपारी सायली घरी आली. मी आत तांदूळ निवडत होते. बाहेरच्या खोलीत फोनवर गाणे लागले. मी दाराच्या फटीतून पाहिले. सवय जात नाही. दोघी पावले मोजत होत्या, एक दोन तीन, आणि सायली प्रत्येक तिसऱ्या पावलाला गौरवीच्या पायावर पाय देत होती. जागा कमी पडत होती. मी बाहेर गेले. दोघी थांबल्या. मी टेबल भिंतीला सरकवले, खुर्च्या एकावर एक ठेवल्या आणि परत आत आले. थोड्या वेळाने गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

गौरवी आता माझ्याशी बोलते. मला माफ केले की नाही, हे मी विचारलेले नाही. घर तिला दिले आहे हे तिला कळले आणि मग ती "हो, आत्ये" म्हणाली, तर ते घरासाठी म्हणाली असा संशय मला येईल. जगातल्या सगळ्यांवर मी तो घेतला आहे. तिच्यावर परत घ्यायचा नाही. म्हणून हा कागद बंद पाकिटात, लाख लावून, नोटरीकडे देत आहे, आणि माझ्या हयातीत तो कोणी उघडू नये. ती काय म्हणायची ते तिने काही माहीत नसताना म्हणावे. नाही म्हणाली तरी वरचे एक अक्षरही बदलायचे नाही.

एवढे मी लिहिले, पुन्हा वाचले, तीन ठिकाणी खाडाखोड केली आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली.

ठिकाण: पार्से, तालुका पेडणे, गोवा
दिनांक: ११ जून २०२५

(सही) सत्यवती नारायण मळीक

साक्षीदार, मजकूर न वाचता, माझी सही होताना समोर बसलेले:

१. (सही) बाबाजी विठू गावस, निवृत्त शिपाई, पार्से
२. (सही) डॉ. सेजल हळर्णकर, पेडणे