दादांच्या सिनेमाला दहापैकी तीन

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे, त्यामुळे आठांपैकी प्रत्यक्षात दोन हात आणि थोडं डोकं एवढीच अंगं कामाला लागली आहेत. बाकीची जमेस धरावीत.) आम्ही इकडे ठीक आहोत. तुमची, वहिनींची आणि दवाखान्यातल्या त्या नव्या खुर्चीची तब्येत कशी आहे ते कळवावं. खुर्ची वर जाते पण खाली येत नाही, आणि वर अडकलेल्या एका पेशंटला तोंड उघडं असतानाच शिडी लावून उतरवावं लागलं, असं सासूबाईंकडून कळलं. सासूबाईंच्या सांगण्यात थोडी वाढ असते, म्हणून मी शिडीच्या जागी स्टूल धरलं आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. उभा जन्म दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात गेला, आणि आता माझंच वजन हरकतीत निघालं.

पत्र लिहिण्याचं खास कारण काही नाही. अलीकडे जे दोन-चार सिनेमे पाहिले त्यांच्याबद्दल मोकळेपणाने लिहावं, एवढाच हेतू. तुम्ही दंतवैद्य असलात तरी आता पडद्यावर आलेले आहात, तेव्हा तुमच्याशी या विषयावर बोलायला हरकत नाही. (तुमच्या सिनेमाकडे मी येणार आहे. आधी बाकीचे उरकतो.)

पहिला भुताचा. यात भूत मध्यंतरापर्यंत येतच नाही. तोवर एका मोठ्या घरातली दारं आपोआप उघडतात आणि नायिका दर वेळी दचकते. आमच्या ऑफिसातलं कपाटाचं दार कितीतरी वर्षं आपोआप उघडतं आहे, बिजागरी सैल आहे, त्यावर कोणी तिकीट लावलेलं नाही. मध्यंतरानंतर भूत येतं ते घराच्या वाटणीबद्दल रडत. भुताने रडायला माझी ना नाही, पण मग घाबरायचं कोणी, हे ठरवायला हवं होतं. साडेचार दिले. हा सिनेमा मी आमच्या ऑफिसातल्या शिक्केवाल्यांबरोबर पाहिला. शिक्केवाले म्हणजे मी वजन बरोबर आहे म्हटलं की त्याच्यावर हातोडीने शिक्का मारतात ते. निवृत्तीला आलेले, सज्जन माणूस. पण तीच त्यांची अडचण झाली, आणि ती समजायला आमची शनिवारची पद्धत सांगायला हवी.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुमच्या बहिणीने आणि मी ठरवलं होतं, की दर शनिवारी संध्याकाळचा खेळ पाहायचा आणि परतताना चपलांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत सिनेमाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कोपऱ्यावर थांबायचं. ती म्हणते, "चला, बोला." मग दोघांनी एकदम आपापले गुण सांगायचे, दहापैकी. आधी एकाने आणि मग दुसऱ्याने असं नाही. दोन तराजू एकमेकांकडे बघून वजन दाखवायला लागले तर दोन्ही जप्त करावे लागतात. गुण जवळपास असले तर आम्ही गप्पा मारत सरळ घरी येतो. फार फरक पडला तर भांडत येतो, आणि भांडण संपलं नसेल तर बाजारामागून लांबचा रस्ता घेतो. एकदा मी दोन आणि तिने आठ दिले होते, तेव्हा बाजाराला तीन वळसे झाले आणि भाजीवालीला वाटलं आमची किल्ली हरवली आहे. (किल्ली खिशात होती. आम्हाला घरी जायचं नव्हतं.)

तर भुताचा सिनेमा सुटल्यावर मी शिक्केवाल्यांना त्याच कोपऱ्यावर थांबवलं, पद्धत समजावली आणि म्हणालो, "चला, बोला." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी साडेचार म्हणालो, तसे ते म्हणाले, "साडेचार, साहेब." पुन्हा केलं. या वेळी मी मुद्दाम नऊ म्हणालो. तेही नऊ म्हणाले. असे गुण घेऊन करायचं काय? त्यांना रिक्षात बसवलं आणि मी सरळ रस्त्याने घरी आलो.

दुसरा सिनेमा मी एकट्याने पाहिला. एका बंद पडत चाललेल्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याची जिभेची चव जाते आणि तो ते सगळ्यांपासून लपवून ठेवतो, अशी गोष्ट. संथ आहे, पण संथ असूनही खुर्चीत चुळबुळ होत नाही. आचारी मीठ टाकताना मदतनिसाच्या चेहऱ्याकडे बघतो ते फार छान आहे. एका प्रसंगात मात्र कढईतला पदार्थ एका बाजूने दाखवला की करपलेला आणि दुसऱ्या बाजूने दाखवला की कच्चा, असं तीनदा झालं. मी सहा दिले. दिले म्हणजे मनात दिले, कोपऱ्यावर एकट्याने उभं राहून मोठ्याने आकडा म्हणणं बरं दिसत नाही. (म्हणून पाहिला. चपलांच्या दुकानदाराला वाटलं मी पायाचं माप सांगतो आहे.) एकट्याने पाहिला असं वर लिहिलं, पण त्याच खेळाला, माझ्या पाच रांगा पुढे, तुमची बहीण शेजारच्या नर्सबाईंबरोबर बसलेली होती.

आता मूळ मुद्द्याकडे यायला हवं. मी टाळतो आहे असं तुम्हाला वाटू नये.

तुमचा सिनेमा लागला त्या शनिवारी सासूबाई, तुमच्या दोन्ही मावश्या आणि त्यांचे यजमान यांच्यासह आम्ही पूर्ण रांग भरून गेलो होतो. तुम्हाला पेशंट सोडून येता आलं नाही, ते एका परीने बरं झालं. सुरुवातीलाच तुम्ही दिवाणखान्यात चादरीखाली मरून पडलेले, आणि भोवती नातेवाईक इस्टेटीवरून भांडताहेत. भांडण बरंच लांबलं. कोणी कोणाचा कोण हे कळायला वाव नव्हता, दोन पुतणे तर सारखेच दिसत होते. मग ओळख पटवायला कोणीतरी चादर उचलली, आणि आमच्या रांगेत टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मध्येच सासूबाईंनी हंबरडा फोडला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाला वाटलं आमच्याकडे खरंच काही घडलं आहे. त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि मयत कोणाकडचे, असं हलक्या आवाजात विचारलं. मी पडद्याकडे बोट दाखवलं. धाकट्या मावशी सासूबाईंना बाहेर घेऊन गेल्या आणि त्या बाहेर असतानाच नेमका तुमचा जिवंतपणीचा प्रसंग येऊन गेला. परतताना सासूबाई प्रत्येकाला विचारत होत्या, "काय म्हणाला तो? नीट जेवलेला दिसत होता का?"

तुमच्या त्या प्रसंगाबद्दल मी मनापासून लिहितो. जेवणाच्या टेबलाशी सगळे उठून गेल्यावर तुम्ही रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणता, "मला कोणी विचारलं का?" ते तुम्ही इतक्या साध्या आवाजात म्हणालात, की मला क्षणभर तुमचा दवाखाना आणि तुम्ही दोन्ही विसरायला झालं. त्या वाक्याला माझ्याकडून आठ. (चादरीखाली असताना पोट हलत होतं, ते मी धरलेलं नाही. श्वास कोणाला चुकला आहे.) पण एक सफरचंद चांगलं निघालं म्हणून पेटीचं वजन वाढत नाही. पूर्ण सिनेमाचे माझ्या हिशेबाने तीन होत होते.

हे तीन मी मनात ठेवले असते तर काही बिघडलं नसतं. पण कोपरा आला, आणि सवयीने आम्ही दोघं थांबलो, आणि आमच्यामागे सगळा गोतावळा थांबला. तुमची बहीण सवयीनेच म्हणाली, "चला, बोला." मी म्हणालो तीन. ती म्हणाली साडेनऊ. मग सासूबाईंनी विचारलं, "कितीपैकी?" दादा, इथे माझी सुटका होती. पाचपैकी म्हणालो असतो तरी निभावलं असतं. तीनपैकी म्हणालो असतो तर जावई लाखात एक ठरलो असतो. मी म्हणालो, "दहापैकी."

घरी येईपर्यंत सगळे पांगले. दार उघडता उघडता मी तुमच्या बहिणीला तीन कसे होतात ते नीट समजावून सांगितलं. कथेचे किती कापले, दोन पुतण्यांचे किती कापले. मध्ये ती काहीतरी सांगायला लागली होती, पण माझं छायाचित्रण राहिलं होतं. छायाचित्रण संपलं तेव्हा ती आत निघून गेली होती.

तेव्हापासून आमचं भांडण आहे असं म्हणता येणार नाही. गॅस संपला, वीजबिल आलं, पाहुणे येणार आहेत, हे सगळं ती सांगते. फक्त शनिवारी ती नर्सबाईंबरोबर पुढे बसते आणि मी मागे. मागून मी तिच्या मानेवरून गुण काढायचा प्रयत्न करतो. अनुभवाने सांगतो, तिची मान उजवीकडे कलली की सिनेमा पाचाच्या खाली गेला, आणि ती ताठ होऊन जरा पुढे सरकली की सात तरी नक्की. आचाऱ्याच्या सिनेमात मात्र हे काही चालेना, कारण सारखा मध्ये नर्सबाईंचा अंबाडा येत होता. परवाच्या सिनेमात (दोन बहिणी, एक नवरा, शेवटी तिघंही आश्रमात, पावणेचार) तिने रुमाल काढला. मी चकित झालो. या सिनेमाला हिने आठ दिले की काय, म्हणून घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो. घरी आल्यावर कळलं की तिला सर्दी झाली आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार. खुर्ची खाली आली की कळवा.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. लिहायचं राहिलं. तुमच्या बहिणीचं म्हणणं असं, की "दादा स्वतः तीन म्हणाला तर मी मानीन." तेव्हा तुम्ही तिला एक ओळ लिहावी. तीन लिहायला जिवावर आलं तर चार लिहा, चारपर्यंत मी ओढून घेतो. पाच नको. पाच लिहिलेत तर मी सांगून लिहिलंत हे ती लगेच ओळखेल.

ता. क. (दुसरा) वरचा ता. क. रद्द समजावा. तिने तीन मानले काय आणि न मानले काय. मला करमत नाही, दादा, एवढंच खरं आहे. सिनेमा बघून येतो, आकडा तयार असतो, आणि समोरून दुसरा आकडा येत नाही. आचाऱ्याच्या सिनेमाला मी सहा दिले ते बरोबर आहेत की नाहीत, हेच मला कळेनासं झालं आहे. तुम्ही तिला सहज म्हणून विचारा, की त्या सिनेमाला तिने किती दिले, आणि मला कळवा. माझं नाव काढू नका. तुमचा नवा पत्ता तिलाच पाठ आहे, म्हणून पाकीट तिच्याकडे देतो आहे. ती दुसऱ्याचं पत्र उघडत नाही.

ता. क. (तिसरा, माझा) दादा, यांनी पाकीट न चिकटवता माझ्या हातात दिलं, म्हणजे वाचायलाच दिलं. फाडून टाकणार होते, पण तुझ्याबद्दल ते वाक्य चांगलं लिहिलंय, ते तुला मिळायला हवं. आता माझंही ऐक. तुझ्या सिनेमाला मी मनातून अडीच दिले होते. यांच्यापेक्षाही कमी. पण समोर आई उभी होती रे. तू नाही का रोज पेशंटला म्हणतोस, "काही दुखणार नाही," तसे ते साडेनऊ. घरी आल्यावर यांना खरं सांगणारच होते, तर हे दारातच कापाकापी घेऊन बसले. मला बोलूच देईनात. मग म्हटलं, बसा आता एकटे.

शनिवारी मी यांच्याबरोबर जाणार आहे. नर्सबाई सिनेमाभर बोलतात, डोकं उठतं. आणि त्या आचाऱ्याच्या सिनेमाला मी सात दिले होते. तू कळवू नकोस. मीच सांगते.