तुझा वाचक घरी आला तो रविवार

आई, तुझ्या कादंबरीच्या तीनशे प्रतींपैकी आता माझ्याकडे एकच उरली आहे. बाकीच्या कुठे गेल्या ते तुलाही शेवटी नीटसं ठाऊक नव्हतं. तू जाऊन वीस वर्षं उलटली. आपल्या नोएडाच्या घराजवळ आता मेट्रो येते, बाल्कनीसमोर मोहरीचं शेत होतं तिथे बावीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि मी तू गेलीस त्या वयाला येऊन पोचले आहे. तुला लिहावं असं फार दिवस मनात होतं. काय सांगायचं ते माहीत होतं, सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. आज कादंबरीपासूनच करते.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तू ती लिहायला घेतलीस तेव्हा मी कॉलेजात होते. सकाळी साडेपाचला तू उठायचीस, चहाचं आधण ठेवायचीस आणि ओट्याच्या कोपऱ्यावर वही उघडून उभ्या उभ्याच लिहायचीस. वह्या माझ्याच, शाळेतल्या, मागची पानं कोरी राहिलेल्या. पुढून उघडलं की माझा भूगोल, मागून उघडलं की तुझ्या कादंबरीतला मुकादम. सात वाजता वही पिठाच्या डब्यावर ठेवून तू पोळ्यांना लागायचीस, आणि नऊला मंत्रालयातल्या तुझ्या टेबलावर फायली उघडायला निघायचीस. बाबांची बदली लखनौला झाली होती, त्यामुळे तुला कुणी विचारणारं नव्हतं. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, आई हिशेब नाहीतर पाककृती लिहीत असेल. तू कादंबरी लिहितेस हे मला समजलं ते नोएडाला राहायला आल्यावर, मी डीटीपीचं काम शिकले तेव्हा. एका संध्याकाळी तू चार्टर्ड बसमधून उतरून थेट माझ्यासमोर अकरा वह्यांचा गठ्ठा ठेवलास आणि म्हणालीस, "मराठी टाइप करता येईल का तुझ्या त्या मशीनवर?"

मी ज्या ऑफिसात होते तिथे दिवसभर बिल्डरांची माहितीपत्रकं बनायची. स्विमिंग पूल, क्लब हाउस, चोवीस तास पाणी, आणि जी झाडं अजून लावलेलीही नव्हती त्यांची चित्रं. मालकाने ऑफिस सुटल्यावर तासभर मशीन वापरायला परवानगी दिली. फॉन्ट हिंदीचा. त्यात 'ळ' कळफलकावर नव्हता, ऑल्ट दाबून चार आकडे मारले की यायचा. आई, तुझ्या मुकादमाच्या गावाला ओहोळ होता, पिंपळ होता, देऊळ होतं, आणि तो माणूस सगळा काळ गाळ उपसत होता. मी आकडे मारून मारून थकले. 'दुसऱ्या' मधला तो वळणदार अर्धा र तर त्या फॉन्टमध्ये नव्हताच. तू म्हणालीस, "राहू दे, मी बघते." मग छपाईसाठी बटर पेपरवर काढलेली सगळी पानं तू घरी आणलीस आणि बारीक निबाच्या पेनने, काळ्या शाईने, प्रत्येक 'ऱ्या' हाताने काढलास. एकशे ऐंशी पानं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे यार, इतकं कोण बघतंय?" तू मान वर न करता म्हणालीस, "मी बघतेय ना."

त्याच दिवसांत तू मला एकदा रागावलीस. तेवढं एकदाच. तुझ्या वहीत 'कणव' असा शब्द होता. दिल्लीत वाढलेल्या मला तो ठाऊक नव्हता. मला वाटलं काहीतरी चुकून लिहिलं गेलंय, म्हणून मी संदर्भावरून तिथे 'दया' घातलं. प्रूफ वाचताना तू थांबलीस. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "एकच तर आहे, आई." तू चष्मा काढलास. "एक नाही. दया करणारा वर उभा असतो. कणव येते ती शेजारी बसलेल्याला. माझा मुकादम खड्ड्याच्या काठावर बसलाय, त्याला तू वर कशाला चढवलंस?" मी शब्द बदलला. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझ्याकडे, रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईकडे, जरा बिचकून पाहिलं. ही बाई कुठे राहत होती इतकी वर्षं? माझ्याच घरात?

कादंबरीची गोष्ट साधी होती. धरणाच्या कामावर एक मजूर मातीखाली गाडला जातो. मुकादम ते पाहतो. मातीखालून येणारा त्याचा आवाज बंद होईपर्यंत ऐकतो. ठेकेदार गावभर सांगतो की तो मजूर पळून गेला. मुकादम गप्प बसतो आणि मजुराची बायको तीस वर्षं वाट पाहते. मग सगळं पुस्तकभर मुकादम स्वतःशी वाद घालतो: खरं काय ते ज्याला कळलं त्याचं असतं, की ज्याचा माणूस गेला त्याचं? कुणी विचारलंच नाही तर साक्ष द्यायची उरते का? शेवटच्या पानावर म्हातारा मुकादम त्या बाईच्या दारात उभा आहे, हात कडीवर आहे. तिथे तुझं पुस्तक संपतं. प्रकाशक तूच होतीस, म्हणून पहिल्या पानावर आपल्या फ्लॅटचा पत्ता छापला होता. दोन प्रती तू करोल बागेतल्या मराठी वाचनालयात ठेवल्यास, काही ऑफिसात वाटल्यास. महिने गेले. कुणी एक ओळ लिहिली नाही की फोन केला नाही. तू पुन्हा त्या पुस्तकाचं नाव काढलं नाहीस, पण सकाळी साडेपाचला उठणंही सोडलं नाहीस. चहा घेऊन नुसती उभी राहायचीस.

आणि मग तो रविवार. अकराचा सुमार, तू साबुदाणा भिजवतेयस, मी केस वाळवतेय. बेल वाजते. दारात एक उंच, काळसर, मिशीवाला माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात फौजी बूट, हातात खाकी कव्हर घातलेलं पुस्तक. "कादंबरीवाल्या मॅडम हितंच राहत्यात का?" मी म्हणते हो. तो बूट बाहेर काढतो, अगदी देवळाबाहेर काढावेत तसे शेजारी शेजारी ठेवतो. दिल्ली छावणीतला हवालदार, साताऱ्याकडचा. गणपतीत करोल बागेला गेला होता, तिथे वाचनालयात पुस्तक दिसलं, मराठी म्हणून उचललं. चार वेळा वाचून झालं होतं. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत तो आला होता. खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, एकच विचारायचंय. विचारतो आन् जातो. त्यानं कडी वाजवली का?"

तू पदराला हात पुसत उभी होतीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुझ्या लिहिण्याविषयी तुला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"मला माहीत नाही," तू म्हणालीस.

"तुमालाबी न्हाई म्हाईत?"

"नाही हो. लिहिताना मी तिथवरच पोचले."

त्याने पुस्तकाचं खाकी कव्हर सारखं केलं. मला वाटलं आता उठेल. पण तो बोलायला लागला. वर सरहद्दीवर, बर्फात त्यांची चौकी होती. त्याचा जोडीदार, त्याच्याच गावापासून तीस कोसांवरच्या एका खेड्यातला पोरगा, दरड कोसळून अडकला. वादळामुळे खालून मदत येऊ शकत नव्हती. पहाटेपासून दुपारपर्यंत, आठ तास, तो जिवंत होता. हवालदार त्याच्याजवळ होता. नंतर त्याच्या आईला भेटायला गेला तेव्हा सांगून आला की जागच्या जागी गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. "समद्यांनी सांगितलं आसंच सांग. बरं वाटंल म्हातारीला. नऊ वर्सं झाली, मॅडम. आन् तुमचं पुस्तक वाचलं."

तू त्याच्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसलीस. मला वाटलं होतं तू त्याचं सांत्वन करशील, काहीतरी शहाणपणाचं बोलशील. तू फक्त विचारलंस, "त्या आठ तासांत तो काय बोलला?"

हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. तो एकदम खाली बघू लागला. मग म्हणाला, "आईशी बोलत व्हता. माझ्याशी न्हाई. आईशी. विहिरीवरची मोटर बिघडलीय म्हनला, गाभण म्हैस उन्हात बांधू नको म्हनला. मधनंच 'आये' म्हनून हाक मारायचा. मंग मीच 'हां बाळा' म्हनायचो. मला काय समजंना, मॅडम. आठ तास मी त्याची आई झालतो."

मी स्वयंपाकघरात चहा करायला म्हणून गेले आणि गॅस न लावता तशीच उभी राहिले. बाहेर दोन तास तो सांगत होता आणि तू ऐकत होतीस. 'अरेरे' नाही, 'अच्छा' नाही. म्हशीचा रंग कोणता, मोटर कुणी दुरुस्त केली, असं काही मधे विचारायचीस, तेवढंच. त्या दिवशी मला कळलं की तू मुकादमाला असंच ऐकत असणार, ओट्यापाशी उभी राहून, आणि तो खराखुरा कुणी नसतानाही. पाणी निथळायचं राहून साबुदाण्याचा लगदा झाला. निघताना तो म्हणाला, "मंग म्हातारीकडं जाऊ का नको, ताई?" मॅडमची ताई कधी झाली ते त्यालाही समजलं नसावं. तू म्हणालीस, "माझ्या माणसाला मी दारापर्यंत नेलं, हवालदारसाहेब. पुढे ढकलायची हिंमत मला झाली नाही. आता तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?" त्याने मान हलवली, बूट घातले, आणि जाताना तुला सलाम ठोकला. खराखुरा, टाच जोडून. आपल्या त्या अर्धवट बांधलेल्या जिन्यात, सिमेंटच्या गोण्यांच्या शेजारी.

तीन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. ते मला तोंडपाठ आहे. "ताईस नमस्कार. जाऊन आलो. दार उघडेच होते, कडी वाजवावी लागली नाही. सर्व सांगितले. म्हातारी म्हणाली, मला वाटतच होते, तो एकदम गेला नसेल, तो कोणतेच काम एकदम करत नव्हता. मग हसली. मग रडली. मग म्हणाली पुन्हा सांग. दोनदा सांगितले." तू ते कार्ड वाचून खाली ठेवलंस, पुन्हा उचललंस. "दार उघडंच असेल," तू स्वतःशीच म्हणालीस, "हे मला सुचलंच नाही बघ. तीन वर्षं लिहीत होते." तुझ्या आवाजात हेवा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत घाल ना हे. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी पुन्हा 'कणव' पुसायला निघाले आहे. "ते त्यांचं आहे," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नवी वही उघडलीस.

ती वही अर्धी राहिली. तू गेलीस ते अचानक, ऑफिसच्या पायऱ्यांवर, आणि मला कुणीही तुझ्या शेवटच्या क्षणांविषयी काही सांगू शकलं नाही, कारण तिथे कुणी नव्हतं.

आता ते सांगते, जे सांगायला बसले आहे. तू गेल्यावर पाच-सहा आठवड्यांनी तो पुन्हा आला होता. फौजेतून सुटला होता, गावी जायला निघाला होता, गाडी संध्याकाळची होती. केस पिकले होते. पिशवीत म्हातारीने तुझ्यासाठी धाडलेले शेंगदाणे होते. त्याने दारात विचारलं, "ताई हायेत का?" आणि मी म्हणाले, "आई नागपूरला गेलीय, मावशीकडे." माझं मलाच कळलं नाही मी काय बोलले. तुझा फोटो आतल्या खोलीत होता, त्याला दिसला नाही. तो बसला, चहा प्यायला. म्हातारी बरी आहे म्हणाला. "ताई नवं लिवत्यात का काय?" मी म्हटलं, हो, लिहितेय. रोज सकाळी. "लिवा म्हनावं. मी वाचीन," तो म्हणाला, आणि गेला.

त्याला वाईट वाटू नये म्हणून मी तसं बोलले, असं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, आई. तो समोर बसून तुझ्याविषयी विचारत होता त्या वीस मिनिटांत एका माणसाच्या लेखी तू जिवंत होतीस, नागपुरात होतीस, लिहीत होतीस, आणि मला ते संपू द्यायचं नव्हतं. खोटं मी त्याच्यासाठी बोलले नाही. माझ्यासाठी बोलले.