उसवलेल्या ओळी

४ ऑक्टोबर, शनि.
कंदील उभा राहिला. कारखान्यातून निवृत्त होताना ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणली होती, तिचं अखेर काहीतरी झालं. पट्टी लावून पाहिलं, कोपरे सगळे सारखे. सु. म्हणाली, "अहो, कंदील आहे, पंपाचा नकाशा नाही." गोखिवऱ्यात आयुष्यभर पंपांचे नकाशे काढले, त्यावरून टोमणा. बायकोला तेवढा हक्क असतो. गॅलरीत टांगून खाली जाऊन बघून आलो. आचोळ्यात आमच्या गल्लीत तरी असा दुसरा नसेल.

मी शिवलेल्या कापडी पिशव्यांचा मात्र अतिरेक झाला. नातेवाईक हल्ली मला बघितलं की आधीच सांगतात, पिशव्या भरपूर आहेत.

संध्याकाळी डॉमनिकचा फोन. आमच्या कारखान्यात फिटर होता, अजून सर म्हणतो. त्याच्या लेकीला, सिंथियाला, मुलगी झाली. त्याची आई पणतीसाठी गोधडी शिवतेय, पण काठ तिच्याच्यानं होत नाही. "सर, तुम्ही हल्ली शिवता ना?" म्हणजे बातमी त्याच्या गावापर्यंत, वटारपर्यंत गेली तर. मंगळवारी येतो म्हणालो.

७ ऑक्टो., मंगळ.
वटार. स्टेशनच्या पश्चिमेला जाऊन बस पकडली. केळी अजून उभ्या आहेत, पण बंगलेही वाढलेत.

डॉमनिकची आई, आग्नेसबाय. मागच्या दारी उन्हात बसून शिवत होती. डोळे अधू, सुई जवळजवळ बोटांनीच चालते. ओठ सारखे हलत होते, मला वाटलं टाके मोजतेय. हाक मारली तर उत्तर नाही. एक ओळ संपली, मग वर बघून "बस भाऊ, चाय पी." घरात त्यांची आपसातली बोली मला अर्धी कळते. माझ्याशी ती माझ्या मराठीत बोलते, तिच्या पद्धतीनं.

गोधडी तिच्याच जुन्या लुगड्यांची. लाल चौकडी, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यांच्या घरची रीत अशी की बाप्तिस्मा करून बाळ चर्चमधून परत आलं की घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं शिवलेल्या गोधडीत घ्यायचं. डॉमनिकही तसाच आला, सिंथियाही.

"कोपरे वळत नाय माझ्यान. काठ तेवढा तू घाल." विश्वासानं हातात दिली. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात. दिवाळीनंतर आणून देतो म्हटलं.

कापड सुरेख. पण धावदोरा! ओळी डावीकडून निघतात त्या बरोबर, मध्ये कुठेतरी वाट चुकतात, एकीला दुसरी भेटायला जाते. बसमध्ये मांडीवर घेऊन तेच बघत होतो.

१० ऑक्टो., शुक्र.
काठ बेतला. गर्द निळा. बसेना. कडेची ओळ तिरकी आहे, तिच्यामुळे कापड ओढलं जातं. तेवढी एक उसवली आणि परत घातली. आता बसतो.

पण ती एक सरळ झाल्यावर शेजारची जास्तच वाकडी दिसते.

१३ ऑक्टो., सोम.
आज मधल्या ओळीही उसवल्या. बऱ्याच. खडूनं आखून घेतलं, पट्टी लावून, पाव पाव इंचावर. हातानंच घालतोय, मशीन नाही. तेवढी समज आहे.

सु. चहा घेऊन आली, बराच वेळ बघत उभी राहिली. "विचारलंत का त्यांना?"
"अगं, खूश होईल म्हातारी. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून वाकडं गेलं ना."
ती कप ठेवून गेली.

काम मात्र रंगलं आहे. इतकी मजा नकाशात आली नव्हती. दुपारची झोपसुद्धा सुटली.

१९ ऑक्टो., रवि.
गोधडी पूर्ण. पलंगावर पसरून फोटो काढले. एकाही ओळीत दोष नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, भरपूर अंगठे आले. वरच्या मजल्यावरच्या देसाईबाई विचारत होत्या, ऑर्डर घेता का. फुगलो होतो, कबूल.

२६ ऑक्टो., रवि.
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

वटारला गोधडी घेऊन गेलो. सगळे घरी. डॉमनिक म्हणाला, "सर, एकदम दुकानातल्यासारखी." सिंथियानं बाळाच्या अंगावर धरून बघितली. मी आपला हसत उभा.

आग्नेसबायच्या मांडीवर ठेवली. तिनं काठावरून हात फिरवला, "चांगला झाला" म्हणाली. मग हात मध्ये गेला. बोटं एका ओळीवरून गेली, दुसरीवरून गेली. थांबली.

"ह्या ओळी कोनाच्या?"
"तुमच्याच, बाय. मी जरा सरळ केल्या."
"माझा दोरा काढला?"
"हो. नवीन घातला, पक्का."
"काढला तो कुठं हाय?"

कचऱ्यात टाकला होता. तसं सांगितलं. दुसरं काय सांगणार.

तिनं गोधडीची घडी केली, बाजूला ठेवली आणि काठी टेकत आत गेली. परत बाहेर आली नाही.

डॉमनिक बसपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "सर, तुमची चूक नाय. तुम्हाला कसं माहीत असनार." मग सांगितलं. शिवताना हातात रोजरीची माळ धरता येत नाही, म्हणून आईची ओळ म्हणजे माळेतला मणी. ओळ सुरू झाली की प्रार्थना सुरू, ओळ संपली की प्रार्थना संपली. मध्ये थांबत नाही, बोलत नाही. अख्खी गोधडी बाळाच्या नावानं म्हटलेली. पावसाळाभर शिवत होती.

मी टाके मोजतेय समजलो होतो.

२७ ऑक्टो., सोम.
सकाळी खाली जाऊन कचऱ्याचे डबे बघून आलो. वेडेपणा. दोरा कधीच घंटागाडीत गेला. वॉचमननं विचारलं, काय हरवलं साहेब? काही नाही म्हटलं.

सु.ला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, "मी विचारलं होतं." म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

ग्रुपवरचा फोटो पुसला.

२ नोव्हें., रवि.
आज त्यांच्यात मृतांचा दिवस. सगळे दफनभूमीत जाऊन, फुलं ठेवून परत आले होते. मी नेमका आजच गेलो. पण आता आलोय तर भेटूनच जाऊ म्हटलं.

"बाय, चुकलो मी."
"चूक कसली. तुझी शिलाई चांगली हाय." मग म्हणाली, "पन ती तुझी. मी बाळाला माझी देनार होते."

म्हटलं, मी सगळं काढून देतो, तुम्ही परत घाला. बाप्तिस्म्याला अजून दिवस आहेत. तिनं माझ्या तोंडासमोर हात धरला, मग तोच स्वतःच्या डोळ्यांसमोर. "पावसात थोडं दिसायचं. आता हे पन नाय दिसत." डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलंय, या वयात आता काही करण्यासारखं नाही.

रागावली नाही. रागावली असती तर सोसलं असतं. तिच्या डोळ्यांतला शेवटचा उजेड त्या ओळींत गेला होता आणि मी तो पट्टी लावून उसवला.

८ नोव्हें., शनि.
मशीनवर झाकण घातलंय. सु. म्हणते, निदान कागदाचं तरी करा, रिकामे बसून चिडचिड करता.

सिंथियाचा फोन आला होता. बाप्तिस्म्याला पांढरी कागदी फुलं हवीत, टेबलावर ठेवायला. "काका, तुम्ही छान करता." पोरगी चांगली आहे, मला सांभाळून घेतेय हे कळतं. क्रेप आणला, पाकळ्या कापल्या. हात आपोआप चालतात, मजा काही नाही. एक पाकळी चुकीची दुमडली, उलगडून सपाट केली, दाबली, वरून घासली. घडी पडली ती पडलीच. कागद त्या बाबतीत सरळ आहे, झालेलं लपवत नाही.

१६ नोव्हें., रवि.
बाप्तिस्मा. सु. आणि मी दोघे गेलो. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. बाळ पाणी पडल्यावर रडलं नाही, सगळ्यांना कौतुक.

घरी आल्यावर सगळ्यांच्या नजरा आग्नेसबायकडे. तिनं हात पुढे केले, बाळ घेतलं. दुकानातल्या गुलाबी ब्लँकेटमध्ये. एक म्हातारी काही विचारायला गेली, तर डॉमनिकच्या बायकोनं तिला जेवायला बसवलं.

माझ्या फुलांचं कौतुक झालं. कुठे बघावं कळेना. निघताना आग्नेसबाय म्हणाली, "जेवलास ना?" एवढंच. एरवी हात धरून बसवते.

परतीच्या बसमध्ये सु. खिडकीकडे बघत म्हणाली, "चांगलं करायला गेलात हे मला माहीत आहे." तिचा हात धरावासा वाटला. भर बसमध्ये या वयात कुठे.

२५ नोव्हें., मंगळ.
डॉमनिकचा फोन. आई रोज मागच्या दारी बसून गोधडीचे टाके काढतेय. माझे. बोटांनी चाचपून, एकेक. कोणाला हात लावू देत नाही. "सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगनार नव्हतो."

आधी राग आला. अगदी खरं लिहायचं तर कानशिलं तापली. इतकं निगुतीनं केलेलं काम, एकही टाका इकडचा तिकडे नाही, आणि न विचारता, न पुसता... इथपर्यंत मनात आलं आणि जीभ चावली.



६ डिसें., शनि.
वटार. सु. म्हणाली, जाऊन या, किती दिवस घरात येरझाऱ्या घालणार.

ती मागच्या दारीच होती. गोधडी पुढ्यात, मधल्या सगळ्या ओळी गेलेल्या, थर सुटे. माझा निळा काठ तेवढा ठेवलाय. तो तिनं सांगितला होता.

शेजारी एका पुठ्ठ्यावर दोरा गुंडाळून ठेवला होता. तुकडे तुकडे, पण नीट. "तुझा हाय. घेऊन जा." घेतला. खिशात ठेवला. मला कचऱ्याचा डबा आठवला, तिला आठवला नसेल असं कसं म्हणू.

मग सुयांची पुडी पुढे केली. "दोरे घालून ठेव." सगळ्या सुया ओवल्या, तिच्यासमोरच्या उशीत टोचून ठेवल्या. तिनं एक चाचपून घेतली, कापडाची कड शोधली. खूप वेळ शोधली. ओठ हलायला लागले.

टाका मोठा पडला. पुढचा त्याहून मोठा, शिवाय खाली घसरलेला. दोन थर धरलेच नाहीत, वरून नुसता गेला. सांगावं असं जिभेच्या टोकाशी आलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. मध्येच सुई बोटात गेली, तिनं बोट पदराला पुसलं आणि प्रार्थना न थांबवता पुढे गेली. हे पुरं व्हायचं कसं? बाळ पाळण्यातून उतरायच्या आत? ती असेपर्यंत? विचारायची माझी काय छाती.

ओळ काठाला पोचली. तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि तोंड माझ्या बाजूला वळवलं. आज पहिल्यांदाच.

"सरळ आली का?"

"नाही, बाय."

"बरं," म्हणाली, आणि उशीवर पुढची सुई चाचपायला लागली.